अमळनेरचा ‘ळ’ आणि एक्सएमएलमधली विशेष चिन्हे

एक्सएमएल ही माहिती टॅगमध्ये बांधून ठेवण्याची पद्धत फेब्रुवारी १९९८ मध्ये प्रमाण झाली. टॅगची नावे देवनागरीतही चालतात. <गाव>अमळनेर</गाव> ही ओळ नियमाला धरूनच आहे. मात्र < आणि & ही चिन्हे मजकुरात सरळ लिहिता येत नाहीत. पहिल्याने टॅग सुरू होतो, दुसऱ्याने संकेत.

पुढे विप्रो झालेली कंपनी १९४५ साली अमळनेरला वनस्पती तुपाच्या धंद्यात उभी राहिली. तिची नोंद <उत्पादन>तेल & तूप</उत्पादन> अशी केली, तर फाइल वाचणारा पार्सर & पाशीच अडतो आणि पूर्ण दस्तऐवज नाकारतो. तिथे &#38; हवे, कारण युनिकोडमध्ये & चा क्रमांक ३८ आहे. याच रीतीने ‘ळ’ म्हणजे &#2355;. संकेतातले आकडे मात्र देवनागरीत चालत नाहीत.

दस्तऐवजाचे रूपांतर, उदाहरणार्थ एक्सएसएलटी वापरून, तीन टप्प्यांत होते. वाचताना पार्सर संकेत सोडवून मूळ चिन्ह हाती देतो. मधल्या टप्प्यात प्रोग्रामपुढे निव्वळ अक्षरे असतात. लिहिताना गरजेपुरते संकेत पुन्हा आपोआप घातले जातात. मधल्या टप्प्यात कोणी हाताने & च्या जागी &#38; घातले, तर लिहिताना त्यातल्या & चाही संकेत होतो आणि वाचकाला तेल व तूप यांच्यामध्ये &#38; असेच छापलेले दिसते. म्हणून संकेतांचे काम पार्सरवर आणि लिहिणाऱ्या यंत्रणेवरच सोडावे.

निर्गत फाइलची एन्कोडिंगही जुळली पाहिजे. यूटीएफ-८ मध्ये ‘अमळनेर’चे ६ घटक १८ बाइट घेतात. तीच फाइल लॅटिन-१ समजून उघडली, की १८ निरर्थक चिन्हे हाती येतात. आस्की निवडल्यास &#2309;&#2350;&#2355;&#2344;&#2375;&#2352; असे लिहिले जाते; दिसायला अगम्य, पण माहिती शाबूत.

मराठीत आणखी एक पेच आहे. ‘सातपुड्याच्या दऱ्या’ यातला ‘ऱ’ २३५३ या एकाच क्रमांकाने लिहिता येतो, किंवा २३५२ चा ‘र’ आणि २३६४ चा नुक्ता जोडूनही. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण साध्या शोधात एक रूप सापडते, दुसरे निसटते. एक्सएमएल स्वतःहून ही रूपे एक करत नाही. रूपांतरातच युनिकोडचे एनएफसी सामान्यीकरण करून घेतले, की दोन्हींचा २३५३ होतो आणि शोध पुरा लागतो.