कोटाला कायदा, झाडूला शिवी!

सरकारी दवाखान्यात डॉक्टरला मारहाण झाली की दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांचे रकाने भरतात. निवासी डॉक्टर संपावर जातात, मंत्री धावत येतात, सुरक्षारक्षक वाढवण्याची घोषणा होते. त्याला आमचा विरोध नाही. रुग्णसेवा करणाऱ्यावर हात उचलणे हा गुन्हाच आहे. पण त्याच वॉर्डात रोज शिव्या खाणाऱ्या आयाबाईची, कक्षसेवकाची, सफाई कामगाराची बातमी तुम्ही कधी वाचली आहे काय?

कायद्याचे शिक्षण घेत असताना प्रस्तुत लेखकाने एका सरकारी रुग्णालयात बदली वॉर्डबॉय म्हणून रात्रपाळी केली आहे. त्यामुळे हे ऐकीव नाही, अनुभवलेले आहे. "पेशंटजवळ एकानेच थांबा" असे सांगितले की आठ नातेवाईकांपैकी एक जण छाती काढून पुढे येई, "तू कोण सांगणारा? झाडूवाला ना तू?" हेच वाक्य इन्चार्ज सिस्टरने सांगितले तर कुरकुरत का होईना बाहेर जात, डॉक्टरांनी सांगितले तर हात जोडत. वाक्य एकच, पण बोलणारा कोणत्या पायरीवर उभा आहे त्यावर त्याची किंमत ठरे. तीन मजल्यांना ट्रॉली ओढणारी माणसे दोन. पेशंटला एक्सरेला न्यायला उशीर झाला की "पैसे पाहिजेत म्हणून थांबवतो" हा आरोप ठरलेला. काही जण चहापाण्यासाठी हात पसरतात हे खरे आहे आणि ते निषेधार्हच आहे. पण त्याची शिक्षा प्रामाणिकपणे राबणाऱ्याने का भोगावी?

नातेवाईकांचा संताप आम्ही समजू शकतो. खेड्यातून उसनवारी करून आलेला माणूस व्हरांड्यात फरशीवर झोपतो, औषध बाहेरून आणतो, केसपेपरसाठी रांगेत ताटकळतो. त्याचा राग रास्त आहे. पण तो राग औषध खरेदी रखडवणाऱ्यावर, रिक्त जागा न भरणाऱ्यावर निघत नाही. तो हाताशी सापडणाऱ्या मावशीवर निघतो.

आणि सहकारी? स्टाफरूममधला पाण्याचा माठ सर्वांचा, पण मावशीचा पेला वेगळा खिडकीत ठेवलेला. कोणी तोंडाने काही बोलत नाही, पेला मात्र बोलतो! मुकादमाच्या ड्युटीच्या यादीत तुंबलेले गटार आणि शवागार ठरावीक आडनावांच्या वाट्याला येई. सफाई कामगार म्हणूनच भरती झालेला 'वरच्या' जातीचा इसम मात्र ऑफिसात फायली इकडून तिकडे नेई. पद एक, पगार एक, काम मात्र जातीप्रमाणे! बाबासाहेबांनी ज्या श्रेणीबद्ध विषमतेचे विश्लेषण केले, तिचा जिवंत नमुना पाहायचा असेल तर कोणत्याही मोठ्या रुग्णालयाची ड्युटी-यादी चाळावी.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. महाराष्ट्राने 2010 साली वैद्यकीय सेवा देणाऱ्यांवरील हिंसाचार रोखण्यासाठी कायदा केला. गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र. तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड. पण संरक्षण कोणाला? व्याख्येत नोंदणीकृत डॉक्टर आहेत, परिचारिका आहेत, वैद्यकीय व नर्सिंगचे विद्यार्थी आहेत, निमवैद्यकीय कर्मचारी आहेत. आयाबाई आणि सफाई कामगार हे शब्द त्यात नाहीत! रक्ताने भिजलेले कापसाचे बोळे जिच्या हातून पिवळ्या पिशवीत जातात, ती कायद्याच्या लेखी वैद्यकीय सेवेत आहे की नाही, हे वकिलाने युक्तिवाद करून ठरवायचे. ही दुरुस्ती झालीच पाहिजे.

जैववैद्यकीय कचऱ्याचे 2016 चे नियम मात्र स्पष्ट आहेत. हा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस बी व धनुर्वाताची लस, संरक्षक साधने, प्रशिक्षण आणि वर्षातून किमान एकदा आरोग्य तपासणी देणे रुग्णालयाला बंधनकारक आहे. सुया न फुटणाऱ्या पांढऱ्या डब्यातच गेल्या पाहिजेत. प्रत्यक्षात सुई साध्या पिशवीत पडते आणि ती उचलणारीच्या बोटात शिरते. ती ठेकेदाराची कामगार असेल तर रुग्णालय हात झटकते. ठेकेदाराने मजुरी बुडवली तर मूळ मालकाने ती द्यावी, हे 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्याचे तत्त्व नव्या संहितेतही कायम आहे. ते किती कामगारांना ठाऊक आहे?

जातीवरून शिवी दिली तर अ‍ॅट्रॉसिटी कायदा आहेच. 2015 ची दुरुस्ती 26 जानेवारी 2016 पासून लागू झाली. लोकांच्या दृष्टीस पडेल अशा ठिकाणी जातिवाचक शिवीगाळ केल्यास सहा महिने ते पाच वर्षे शिक्षा आहे. चाळीस खाटांचा वॉर्ड ही काय बंद खोली आहे? तारीख, वेळ, वॉर्ड, उच्चारलेले शब्द आणि साक्षीदारांची नावे लिहून त्याच दिवशी लेखी तक्रार द्या. तिची पोच घ्या. कॅमेऱ्याचे चित्रण जपून ठेवण्याची मागणीही लेखीच करा. तोंडी तक्रार हवेत विरते.

शेवटी थोडे आपल्या घरात पाहू. कडक इस्त्रीचा शर्ट घालून पेशंटला भेटायला जाणारा आपला साहेबही "ए मावशी, इकडे ये!" म्हणून ओरडतो. आरक्षणाने खुर्चीवर बसलेला आपला बांधव आडनाव लपवतो आणि तो वेगळा पेला पाहून न पाहिल्यासारखे करतो. अतिसाराने मलमूत्रात पडलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदाला सोबत घेऊन स्वतःच्या हातांनी अंघोळ घातली. सावित्रीबाईंनी 1897 च्या प्लेगात रुग्णसेवा करता करता प्राण दिला. हा वारसा सांगणाऱ्यांनी रुग्णाची घाण काढणारीला कमी लेखावे काय?

बांधवांनो, पुढच्या वेळी दवाखान्यात जाल तेव्हा मावशीला "अहो" म्हणा. कोणी तिला जातीवरून बोलले तर तोंड फिरवू नका. साक्षीदार म्हणून स्वतःचे नाव लिहून द्या. मोर्चात हजारो मिळतात, साक्षीला एक मिळत नाही. खटले तिथेच पडतात.

जयभीम!