व्हिएन्नाच्या हिंवाळ्यांतील रात्री

आमच्या आजोबांच्या पिढीला व्हिएन्ना हें शहर ठाऊक होतें तें तेथील नामांकित डॉक्टरांमुळें. आणि १९३३ सालीं विठ्ठलभाई पटेल व सुभाषबाबू प्रकृति सुधारण्यासाठीं तेथें राहिले होते, हेंहि घरांतील वर्तमानपत्र वाचणाऱ्या मंडळींच्या स्मरणांत होतें. आम्ही उभयतां तेथें गेलों तें प्रकृतीसाठीं नव्हे, नोकरीसाठीं. २०१६ च्या सप्टेंबरांत पुणें सोडलें. अकरा माणसांच्या घरांतून दोन माणसें परदेशीं निघालीं म्हणजे प्रत्येकाला बरोबर कांहीं ना कांहीं द्यावयाचें असतें. आईनें मेतकूट दिलें, थोरल्या काकूंनीं भाजणी, धाकट्या काकूंनीं आमसुलें आणि सांडगे. लोंकरीचे कपडे पेटींत मावेनात, तेव्हां काकांनीं निकाल दिला, "कपडे तिकडे मिळतील, मेतकूट मिळणार नाहीं." हा निकाल किती शहाणपणाचा होता, तें आम्हांस जानेवारींत कळलें.

थंडीविषयीं सर्वांनीं सावध केलें होतें. अंधाराविषयीं मात्र कोणीं अवाक्षर काढलें नव्हतें. डिसेंबरांत तेथें सकाळीं पावणेआठाच्या सुमारास सूर्य उगवतो व दुपारीं चार वाजतां मावळतो. मधल्या वेळींहि बहुधा ढगच. घरांत थंडी वाजत नाहीं, हें प्रथम सांगितलें पाहिजे. जुनी, उंच छतांची इमारत, एकीमागें एक अशा दुहेरी खिडक्या, आणि नळांतून खेळणाऱ्या गरम पाण्यानें उबदार राहणाऱ्या खोल्या. त्या दोन खिडक्यांच्या मधल्या जागेंत भाजी व लोणी ठेवावें आणि विरजण गरम नळकांड्यापाशीं ठेवावें, एवढें गृहशास्त्र आम्ही पहिल्या महिन्यांतच शिकलों. परंतु चार वाजतां दिवे लावून बसलें कीं करावें काय? तेथें चार म्हणजे पुण्यास साडेआठ. घरीं पानें मांडलीं असतील, कोणी तरी "मीठ वाढलें नाहीं" म्हणून ओरडत असेल, हें डोळ्यांपुढें येई. नोव्हेंबरच्या अखेरीस सौभाग्यवतींनीं परत जाण्याची भाषा दोनदां काढली, आणि दुसऱ्या वेळीं आम्हींहि गुपचूप विमानाचे दर पाहून ठेवले.

आमच्या खालच्या मजल्यावर एक वृद्ध बाई राहत. वय अठ्ठ्याहत्तर, यजमान वारलेले, मुलगा दूरगांवीं. आम्ही आपसांत त्यांना आजीबाई म्हणत असूं. एकदां जिन्यांत आमचीं तोंडें पाहून त्यांनीं विचारलें, "तुम्ही संध्याकाळीं घरींच बसतां कीं काय?" आमच्या मोडक्या जर्मनमध्यें आम्हीं होकार दिला. त्यावर त्या म्हणाल्या कीं, हिंवाळ्यांत जो घरीं बसतो तो वेडा होतो. या गांवांत माणसें राहतात दिवसा, पण जगतात रात्रीं. संध्याकाळीं बाहेर पडणें म्हणजे चैन, हें आमचें मत त्या दिवशीं बदललें. तिकडे तें औषध आहे.

तेव्हां आम्ही बाहेर पडूं लागलों. आरंभ अर्थातच फुकटांतल्या व स्वस्त गोष्टींनीं. रस्त्याच्या कोपऱ्यावर मारोनी म्हणजे चेस्टनट भाजणारे लोखंडी शेगड्या घेऊन उभे असतात. कागदाच्या पुडींतून दहाबारा दाणे देतात. हातमोजे काढून ते सोलावयाचे, म्हणजे आधीं बोटें शेकतात आणि मग पोट. चव विचाराल तर भाजलेल्या रताळ्याची. उपासाला चालेल कीं नाहीं, यावर आम्हां उभयतांत अद्याप एकमत नाहीं. नाताळच्या आधीं पांचसहा आठवडे टाउन हॉलच्या पुढील चौकांत मोठा बाजार भरतो. तेथें लोक मसाल्याचे ऊन मद्य पितात. आमच्यासारख्यांसाठीं त्याच दुकानांत लवंग-दालचिनी घातलेला फळांचा गरम रस असतो. त्याला ते 'मुलांचा पंच' म्हणतात, व तो मागतांना आमच्या पिकल्या मिशांकडे दुकानदार क्षणभर पाहत असे.

पण खरें व्यसन लागलें तें ऑपेराचें. १८६९ सालीं उघडलेलें तेथील राजकीय संगीतगृह १९४५ च्या मार्चमध्यें बाँबनें जळालें व दहा वर्षांनीं, १९५५ मध्यें, पुन्हां उभें राहिलें. त्यांत बसावयाच्या जागा सतराशें आणि उभें राहून ऐकण्याच्या, आम्ही होतों तेव्हां, साडेपांचशेंच्या वर! आमच्या वेळीं या उभ्या जागेचें तिकीट तीनचार युरो होतें, म्हणजे बाहेरच्या कॉफीच्या पेल्याइतकें. रांगेंत उभें राहून तिकीट घ्यावें, आंत धांवावें, कठड्याला आपला गळपट्टा बांधावा आणि निर्धास्तपणें फिरावयास जावें. गळपट्टा बांधलेली जागा कोणी घेत नसे. पंगतींत रुमाल टाकून जागा धरणारांचे वंशज आम्ही. ही पद्धति आम्हांस शिकवावी लागली नाहीं. बाजूस वर्षानुवर्षें उभें राहून ऐकणारे जाणते लोक असत. त्यांच्या 'ब्राव्हो'ला व त्यांच्या कुरकुरीला रंगमंचावरील भलेभले भितात, असें म्हणतात. पहिल्या रात्रीं आम्हांस भाषा कळली नाहीं, कथा अर्धीच कळली. पण शेवटच्या अंकांत एका बाईनें जो स्वर लावला, त्यासरशीं सौ. रडूं लागली. घरीं येतांना तिनें सांगितलें, तिला सवाई गंधर्व महोत्सवांतील पहांट आठवली. शाल, चहा, आणि मांडीवर झोंपलेला धाकटा दीर. त्या रात्रीनंतर विमानाचे दर आम्हीं पाहिले नाहींत.

ऑपेरा सुटल्यावर कॉफीगृह. तुर्कांनीं १६८३ सालीं वेढा उठविला तेव्हां मागें टाकलेल्या कॉफीच्या पोत्यांतून तेथील पहिलें कॉफीगृह निघालें, ही गोष्ट तेथील प्रत्येक मनुष्य मोठ्या प्रेमानें सांगतो. ती खरी नव्हे. परवाना मिळाला तो १६८५ मध्यें दिओदातो नांवाच्या एका आर्मेनियन व्यापाऱ्यास. असो. एक पेला कॉफी मागवावी, तिच्याबरोबर चांदीसारख्या तबकांत पाण्याचा ग्लास येतो, आणि मग दोन तास लांकडी दांडीला अडकविलेलें वर्तमानपत्र वाचीत बसावें; 'आतां उठा' असें कोणी डोळ्यांनींहि सुचवीत नाहीं. हावेल्का या १९३९ पासूनच्या जुन्या कॉफीगृहांत रात्रीं बुख्टेल मिळतात. आंबविलेल्या कणकेचे मऊ गोळे, पोटांत आलुबुखाराचा आटविलेला मुरांबा, एकमेकांना चिकटून भट्टींत भाजलेले. त्यांचा वास आला कीं सारें कॉफीगृह मान वर करतें. पुरणाच्या कडबूची ही दूरची चुलत बहीण आहे, असें आमचें मत झालें.

शाकाहारी मनुष्य व्हिएन्नांत उपाशी मरतो, हा समज खोटा आहे. तो फसतो, हा खरा. पहिल्याच महिन्यांत एका खाणावळींत आम्हीं सूप मागविलें. निवळ पाण्यांत धिरड्याच्या बारीक फिती तरंगत होत्या. रुचकर लागलें, दोनदां मागविलें. पुढें आजीबाईंजवळ त्याची स्तुति केली, तेव्हां त्या हंसल्या व मग एकाएकीं गंभीर झाल्या. तें पाणी गोमांसाचें असतें, असें त्यांनीं सांगितलें. त्या रात्रीं आम्ही जेवलों नाहीं. चूक आमचीच, विचारलें नव्हतें. घरीं कळवावें कीं न कळवावें, यांत तीन आठवडे गेले. शेवटीं सौ. नें फोनवर आईला सांगून टाकलें. पलीकडे बराच वेळ शांतता. मग आई म्हणाली, "नकळत झालें. पण पोरांनो, तुम्हांला ऊन ऊन जेवायला मिळतें ना तिकडे?"

मिळत होतें. ऑस्ट्रियन गोड पदार्थ हें तेथें पक्वान्न नसून पुष्कळदां जेवणच असतें. कायझरश्मारन म्हणजे जाड गोड धिरडें तव्यावरच फाडून, साखर भुरभुरून, आलुबुखाराच्या रसाबरोबर खावयाचें. गेर्मक्नोडेल हा मोठा उकडलेला गोळा. वर वितळलेलें लोणी आणि काळसर खसखशीची कूट. आणि बुटरश्माल्त्स या अवघड नांवाचा डबा आम्हीं उघडून पाहिला, तर आंत निव्वळ कढविलेलें तूप! तो दिवस सौ. नें सणासारखा साजरा केला. खीर करण्यासाठीं म्हणून विकला जाणारा बुटका, गोल तांदूळ पाणी जास्त घालून शिजविला तर मऊ भात उत्तम होतो. आंबेमोहोराचा सुवास नाहीं, पण लगदा तसाच.

वर्ष संपण्याच्या दिवशीं आजीबाईंनीं आम्हांस एक लहानशी पेटी दिली. आंत गुलाबी रंगाचें डुक्कर. तेथें नववर्षाला शकुनाचें म्हणून डुक्कर देतात. हें बदाम व साखर वाटून केलेलें होतें. म्हणजे वस्तुतः बदामाची वडीच, केवळ आकार तेवढा विचित्र. शेपटीपासून आरंभ केला. मध्यरात्रीं श्टेफान चर्चपुढें हजारों लोक जमले होते. त्या चर्चची पुम्मेरिन नांवाची घंटा सुमारें वीस टन वजनाची. मूळची १७११ सालीं तुर्कांच्या तोफा वितळवून ओतलेली, ती १९४५ च्या एप्रिलांत चर्च जळालें तेव्हां खालीं कोसळून फुटली. तिच्याच तुकड्यांतून नवी ओतून १९५२ मध्यें ती मिरवीत शहरांत आणली. आजीबाई तेव्हां चौदा वर्षांच्या, गर्दींत आईचा हात धरून उभ्या होत्या. बारा वाजले, घंटेचा तो खोल नाद छातींत शिरला, आणि लगेच 'निळ्या डॅन्यूब'चे सूर सुरू झाले. अनोळखी माणसें बर्फावर जोडीजोडीनें नाचूं लागलीं. आम्हीहि चार पावलें टाकलीं. तिसरें कोणाच्या तरी पायावर पडलें.

२०१७ चा जानेवारी हा तेथें १९८७ नंतरचा सर्वांत थंड जानेवारी ठरला. डॅन्यूबचा जुना फांटा गोठला, लोक त्यावरून लोखंडी पट्ट्यांच्या जोड्यांनीं घसरत होते, आणि सौ. तापानें अंथरुणावर पडली. दुसऱ्या दिवशीं दारावर टकटक. आजीबाई हातांत झांकलेलें पातेलें घेऊन उभ्या. त्यांच्या लहानपणीं आजारी पोराला देत तें ग्रीसकोख, म्हणून त्यांनीं झांकण काढलें. दुधांत शिजविलेला रवा, वर लोणी आणि दालचिनी! आमच्या घरीं आजाऱ्याला रव्याची पातळ खीर देतात, तीच ही. फक्त वेलदोड्याच्या जागीं दालचिनी. सौ. नें चाटूनपुसून खाल्लें. तिचें तोंड पाहून आजीबाईंनीं सलग पांच दिवस पातेलें आणलें.

ती बरी झाली तोंवर नृत्यसमारंभांचा मोसम भरांत आला होता. व्हिएन्नांत एका मोसमांत चारशेंहून अधिक असे समारंभ होतात. डॉक्टरांचा, वकिलांचा, कॉफीगृहवाल्यांचा, मिठाईवाल्यांचा. प्रत्येक धंद्याचा निराळा. कचेरींतील स्नेह्यांनीं आम्हांस एका समारंभास नेलें. पोशाखाचा नियम कडक, पण आपल्या देशाचा पोशाख चालतो असें विचारून घेतलें होतें. म्हणून सौ. पैठणींत व आम्ही बंद गळ्याच्या कोटांत. 'सगळे वॉल्ट्झ!' अशी ललकारी झाली कीं जमीन मोकळी. तीन मात्रांचा हा ताल आम्हांस बरा साधला. पैठणीचा पदर मात्र गिरकींत एका वयस्क गृहस्थांच्या पदकांत अडकला, आणि त्या गृहस्थांनीं तो सोडवितांना जो नमस्कार केला, तो आमच्या काकांनींहि वाखाणला असता. पहांटे चारला बाहेर पडलों. रीतीप्रमाणें सारी मंडळी लांब झगे व काळे कोट सांवरीत उघड्यावरील दुकानांतून सॉसेज खावयास उभी राहिलीं. आम्ही घरीं आलों. सौ. नें पैठणी न बदलतांच भात टाकला. पहांटे पांच वाजतां, खिडकीबाहेर बर्फ पडत असतां, ऊन मऊ भात, बुटरश्माल्त्सचें तूप आणि आईचें मेतकूट. डब्यांत तीन चमचे उरले होते, दोन वापरले.

आजीबाईंच्या त्या पांच पातेल्यांची परतफेड करावयाची राहिली होती. फेब्रुवारींत त्यांना जेवावयास बोलाविलें. वरणभात, तूप, लिंबाची फोड, बटाट्याची भाजी, आणि बाजारांत वाळलेले वाटाणे चांगले मिळाले म्हणून त्यांची उसळ, ओलें खोबरें घालून. आजीबाई ठेवणींतील पोशाख करून आल्या. वरणभात त्यांना आवडला. 'हें तर लहान मुलांचें जेवण' म्हणाल्या, आणि तें आमच्याकडेहि तसेंच आहे, असें आम्हीं सांगितलें. उसळीची वाटी मात्र त्यांनीं हातानें हळूच दूर सारली. तिखट आहे काय, म्हणून सौ. नें विचारलें. त्यांनीं मान हलविली. मग थोड्या वेळानें त्या बोलूं लागल्या.

१९४५ सालीं त्या सात वर्षांच्या होत्या. एप्रिलांत लढाई शहरांतून गेली आणि मागें खाण्यास कांहीं उरलें नाहीं. मे महिन्यांत रशियनांनीं धान्य दिलें, त्यांत वाळलेले वाटाणे होते, किडलेले. रात्रीं भिजत घालावेत, सकाळीं किडे वर तरंगत, ते मुलांनीं वेंचून काढावेत, हें घरांतील लेकरांचें काम. पुष्कळ दिवस तेंच. उन्हाळ्यांत मिळणारा शिधा दिवसाला हजार कॅलरींचाहि नव्हता. धाकटा भाऊ वाटाणे खाईना. तेव्हां आईनें डोळे मिटून खावयास शिकविलें. "मी त्यानंतर वाटाणे खाल्ले नाहींत," त्या म्हणाल्या. "पण तुमचे चांगले दिसतात. किडे नाहींत." भावाचें पुढें काय झालें, हें आम्हीं विचारलें नाहीं व त्यांनींहि सांगितलें नाहीं.

सौ. वाटी आंत घेऊन गेली. आजीबाईंनीं आणखी वरणभात मागून घेतला, तूप स्वतःच्या हातानें वाढून घेतलें, आणि दहा वाजेपर्यंत आम्हांस वॉल्ट्झचें डावें वळण कसें घ्यावें हें खुर्चीवर बसूनच समजावीत राहिल्या. उसळ पातेलेंभर उरली होती. आम्हां दोघांनाहि ती रात्रीं घशाखालीं उतरेना, परंतु टाकवेना. दुसऱ्या दिवशीं दोन्ही वेळां तीच खाऊन संपविली.