इम्युनोथेरपीपूर्वी पेशींची साक्ष महत्त्वाची

धारवाडजवळच्या बेलूरमधून असो वा गोव्यातील डिचोलीतून, फुफ्फुसाच्या कर्करोगाचे अहवाल घेऊन परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात पोहोचणाऱ्या कुटुंबासमोर आज एक प्रश्न हमखास उभा राहतो : इम्युनोथेरपी घ्यावी का? हे उपचार महागडे आहेत आणि ते सर्वांनाच लागू पडत नाहीत. म्हणूनच आधीच्या चाचण्यांना महत्त्व आहे.

शरीरातील टी-पेशी कर्करोगाच्या पेशींना ओळखून नष्ट करतात. त्या अनावर होऊ नयेत म्हणून निसर्गाने त्यांना ‘पीडी-१’ नावाचा लगाम घातला आहे. जपानच्या क्योटो विद्यापीठातील तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेने १९९२ मध्ये त्याचा शोध लावला. या संशोधनासाठी २०१८ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल त्यांना जेम्स अ‍ॅलिसन यांच्यासह मिळाले. गाठीतील पेशी ‘पीडी-एल१’ हे प्रथिन धारण करून हाच लगाम खेचतात. इम्युनोथेरपीची औषधे तो सैल करतात.

गाठीच्या निम्म्या वा अधिक पेशींवर हे प्रथिन असलेल्या ३०५ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. पेम्ब्रोलिझुमॅब घेणाऱ्यांमध्ये रोग बळावण्यापूर्वीचा मध्यक काळ १०.३ महिने, तर केमोथेरपी घेणाऱ्यांमध्ये ६ महिने होता. तरीही पेम्ब्रोलिझुमॅब घेतलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांच्या गाठी अपेक्षेइतक्या आकसल्या नाहीत. एकच खूण पुरेशी नसते, हे यावरून स्पष्ट होते.

त्यामुळे संशोधक इतर खुणाही पाहतात. ‘सीडी-८’ टी-पेशी गाठीच्या आत शिरल्या आहेत की कडेलाच थबकल्या आहेत? रक्तातील न्यूट्रोफिल व लिम्फोसाइट पेशींचे गुणोत्तर किती? ते वाढलेले असल्यास परिणाम बहुधा कमी दिसतो. मात्र जंतुसंसर्गाने किंवा स्टेरॉइडनेही ते वाढते. केवळ त्यावरून उपचार नाकारणे योग्य नव्हे.

‘ईजीएफआर’ जनुकातील बदल आधी तपासणे तितकेच आवश्यक आहे. तो भारतीय रुग्णांत, विशेषतः धूम्रपान न करणाऱ्यांत, बऱ्याच प्रमाणात आढळतो. अशांना इम्युनोथेरपीचा लाभ अल्प होतो, गोळ्यांचा अधिक. घाईने इम्युनोथेरपी दिल्यास त्यानंतर लगेच सुरू केलेल्या काही गोळ्यांमुळे फुफ्फुसदाहाचा धोकाही वाढतो.

म्हणून पैशांची जुळवाजुळव करण्यापूर्वी डॉक्टरांना तीन प्रश्न विचारावेत : जनुक तपासणी झाली का? पीडी-एल१ किती टक्के आहे? लाभ होतो की नाही, हे कधी आणि कसे तपासणार? उत्तरे हाती आल्यावरच निर्णय घेणे हिताचे.