जालतानिकेखालील रक्तस्राव

मेंदूवरील तीन आवरणांपैकी मधले आवरण (जालतानिका) आणि मेंदूला चिकटलेले आतले आवरण (मृदुतानिका) यांमधील अवकाशात होणाऱ्या रक्तस्रावास ही संज्ञा आहे. या अवकाशात मस्तिष्क-मेरुद्रव असतो व मेंदूच्या मोठ्या रोहिण्या त्यातूनच जातात. त्यामुळे रोहिणी फुटताच रक्त मेंदूच्या सभोवार पसरते. मेंदूच्या आघातांपैकी सु. ५ टक्केच या प्रकारचे असले, तरी ते इतरांहून कमी वयात, बहुधा पन्नाशीच्या आसपास होतात आणि सु. एक-तृतीयांश रुग्ण दगावतात.

डोक्यास मार लागणे हे याचे नेहमीचे कारण होय. मार नसताना झालेल्या रक्तस्रावांपैकी सु. ८५ टक्के रोहिणीविस्फार फुटल्याने होतात. मेंदूच्या तळाशी असलेल्या रोहिणीवलयाचे (टॉमस विलिस यांनी १६६४ मध्ये वर्णिलेल्या) फाटे जेथे फुटतात, तेथे भित्ती दुबळी होऊन फुगा येतो. असा फुगा शंभरांतील सु. तीन प्रौढांत असतो व बहुतेकांत तो कधीच फुटत नाही. धूम्रपान व उच्च रक्तदाब यांनी धोका वाढतो.

लक्षणे : सर्वांत महत्त्वाचे लक्षण म्हणजे अकस्मात उठणारी, मिनिटभरातच पराकोटीस पोहोचणारी डोकेदुखी. ‘असे डोके जन्मात दुखले नव्हते’ असे रुग्ण सांगतो. उलट्या, प्रकाश सहन न होणे, काही वेळ शुद्ध हरपणे व काही तासांनी मान ताठणे ही लक्षणेही आढळतात. एका डोळ्याची पापणी पडून बाहुली विस्फारली, तर फुगा तेथील तंत्रिकेवर दाब देत असल्याची शंका घ्यावी. गुठळीमुळे होणाऱ्या पक्षाघातात तोंड वाकडे होते, हात लुळा पडतो, वाचा जाते. त्यामुळे तो घरच्यांच्या लगेच ध्यानात येतो. येथे मात्र हातपाय पुष्कळदा शाबूत असतात आणि हीच खरी फसगत आहे. ऊन लागले, पित्त झाले किंवा अर्धशिशी उठली असे समजून रुग्णाला झोपवून ठेवले जाते. पहिला स्राव लहान असला, तर दुखणे ओसरतेही. पण फुगा पुन्हा फुटण्याचा धोका पहिल्या २४ तासांतच सर्वाधिक असतो आणि दुसरा स्राव बहुधा अधिक घातक ठरतो.

अशा रुग्णास कुशीवर निजवावे व विनाविलंब मोठ्या रुग्णालयात न्यावे. बेशुद्ध माणसाला कांदा हुंगविण्यात वेळ जातो आणि तोंडात पाणी घातल्यास ते श्वासनलिकेत शिरते. रक्त गोठण्यास अडथळा करणारे ॲस्पिरिन डोकेदुखीवर देऊ नये. गुठळी विरघळविणारे औषधही येथे घातक ठरते. म्हणून आघात कोणताही असो, सीटी स्कॅन आधी करतात. पहिल्या सहा तासांत त्यातून हा रक्तस्राव सहसा निसटत नाही. नंतर शंका उरल्यास कटिवेध करून मस्तिष्क-मेरुद्रवाचा पिवळेपणा तपासतात. फुग्याची जागा वाहिनीचित्रणाने कळते.

चिकित्सा : फुगा बंद करणे हे मुख्य उद्दिष्ट. वॉल्टर डँडी यांनी १९३७ मध्ये कवटी उघडून फुग्याच्या मानेला चिमटा लावला. १९९० पासून जांघेतील रोहिणीतून नळी सरकवून फुग्यात प्लॅटिनमची वेटोळी भरण्याची पद्धत रूढ होऊ लागली. फुगा बंद झाला, तरी चौथ्या ते चौदाव्या दिवसांदरम्यान रोहिण्या आकुंचित होऊन मेंदूचा रक्तपुरवठा तुटू शकतो. म्हणून निमोडिपीन हे औषध साधारणतः २१ दिवस देतात. द्रव साचून दाब वाढल्यास तो नळीने काढावा लागतो.

दृढतानिकेखालील रक्तस्राव याहून वेगळा. वृद्धांत क्षुल्लक पडण्यानंतर तो नीलांतून झिरपत राहतो. त्यामुळे कित्येक आठवड्यांनी येणारी सुस्ती, विसराळूपणा वा चालीतील डळमळ वार्धक्याची म्हणून सोडून दिली जाते. कवटीस छिद्र पाडून रक्त काढल्यास पुष्कळ रुग्ण पूर्ववत होतात.