‘पेटंट पेंडिंग’ या चिठ्ठीचा अर्थ

नीरा डाव्या कालव्यावरील बारामती व इंदापूर तालुक्यांत नवनवीं अवजारें व फवारणीचीं यंत्रें विक्रीस येतात. कांहींवर ‘पेटंट पेंडिंग’ अशी चिठ्ठी असते व तिच्या जोरावर जादा किंमत मागितली जाते. शेतकरी बंधूंनीं तिचा अर्थ नीट ध्यानांत घ्यावा.

तलाठ्यानें फेरफाराची नोंद धरली म्हणजे ती मंजूर झाली असें नव्हे. हरकतीची मुदत जाऊन मंडल अधिकाऱ्यानें प्रमाणित केल्यावरच ती कायम होते. पेटंटाचेंही तसेंच आहे. १९७० च्या कायद्यान्वयें अर्ज साधारणतः १८ महिन्यांनीं प्रसिद्ध होतो. तपासणीची मागणी निराळी करावी लागते. २०२४ च्या नियमांप्रमाणें तिची मुदत ३१ महिने आहे. तपासणींत आक्षेप निघाल्यास ते दूर करण्यास ६ महिने मिळतात. मंजुरीपूर्वीं कोणासही हरकत घेतां येते. यांत वर्षें लोटतात. मात्र पेटंटाचीं २० वर्षें अर्जाच्या तारखेपासूनच मोजतात.

नक्कल करणारावर दावा मंजुरीनंतरच लावतां येतो. पण भरपाई अर्ज प्रसिद्ध झाल्या दिवसापासूनची मागतां येते, हें आमच्या कारागीर बंधूंनीं विसरूं नये.

सारांश, ही चिठ्ठी म्हणजे अर्ज दाखल झाल्याची खूण, अधिक कांहीं नाहीं. मंजूर पेटंटही नवेपणाबद्दल असतें. तें टिकाऊपणाची हमी नव्हे. अर्ज नसतां चिठ्ठी लावणारास १० लाख रुपयांपर्यंत दंड आहे. म्हणून आम्ही सुचवितों कीं, विक्रेत्याकडून अर्जाचा क्रमांक घ्यावा, तो पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर पडताळावा, आणि यंत्र रानांत चालतांना पाहूनच पैसे मोजावेत.