जबलपूरचे जुने 'वन टन' पुन्हा रस्त्यावर आणताना : आधी कागद, मग ब्रेक, शेवटी रंग

जबलपूर : भारतीय लष्करासाठी जबलपूरच्या कारखान्यात तयार झालेली 'जोंगा' आणि तिच्याच कुळातील उघड्या हौद्याची 'निसान वन टन' ही वाहने सैन्यसेवेतून निवृत्त होऊन बराच काळ लोटला. लिलावातून नागरिकांच्या हाती आलेली त्यांतील काही वाहने आजही शेतावर, डोंगराळ भागात आणि हौशी संग्राहकांच्या अंगणात उभी आहेत. अशी गाडी दुरुस्त करून पुन्हा चालती करण्याकडे अनेकांचा ओढा असतो. भारतीय क्रिकेट संघाचा माजी कर्णधार महेंद्रसिंह धोनी याला 2019 मध्ये रांचीत जोंगा चालवताना लोकांनी पाहिले, त्यानंतर या गाडीविषयीचे कुतूहल अधिकच वाढले. मात्र कामाचा क्रम चुकला, तर हे स्वप्न अर्ध्यावर सुटते. इंजिनावर आणि रंगावर मोठा खर्च झालेला असतो. पण ब्रेक निकामी असतात किंवा नोंदणीच होत नाही, आणि गाडी पुन्हा झाडाखाली उभी राहते.

जबलपूर आणि लष्करी वाहने

जबलपूरची गन कॅरेज फॅक्टरी 1904 सालची. जर्मनीच्या 'मान' कंपनीच्या परवान्याने बनवलेल्या 'शक्तिमान' ट्रकची निर्मिती 1959 मध्ये येथेच सुरू झाली. पुढे वाहननिर्मितीसाठी 1969 मध्ये व्हेईकल फॅक्टरी जबलपूर हा स्वतंत्र कारखाना उभा राहिला. जपानच्या निसान कंपनीच्या परवान्याने 'पेट्रोल' या जीपवर्गीय गाडीची आणि एक टन भार वाहणाऱ्या 'कॅरियर'ची भारतीय आवृत्ती येथे तयार होऊ लागली. पहिलीला मिळालेले 'जोंगा' हे नाव 'जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली' या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून आले. दुसरी गाडी सैनिकांच्या बोलीत 'वन टन' म्हणूनच ओळखली गेली. दोन्ही गाड्यांत निसानच्या सुमारे चार लिटर क्षमतेच्या, सहा सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनाचा वारसा आहे आणि दोन्ही चारही चाकांना शक्ती देणाऱ्या आहेत.

जोंगाचे उत्पादन 1999 मध्ये थांबले. आयुध निर्माणी मंडळाची पुनर्रचना झाल्यानंतर 1 ऑक्टोबर 2021 पासून व्हेईकल फॅक्टरी ही आर्मर्ड व्हेईकल्स निगम लिमिटेड या सरकारी कंपनीच्या अखत्यारीत आली. उत्पादन बंद होऊन पाव शतक उलटल्याने नवे सुटे भाग सहज मिळत नाहीत. त्यामुळे एखादा भाग खोलण्यापूर्वीच, तो खराब निघाल्यास पर्यायी भाग कोठून आणायचा, हे ठरवावे लागते.

पहिली तपासणी कागदपत्रांची

सैन्याच्या गाडीला बाणाचे चिन्ह असलेला लष्करी क्रमांक असतो. नागरी परिवहन कार्यालयात तिची नोंद नसते. लिलावानंतर ती खासगी मालकीत आली, की नव्याने नोंदणी करावी लागते. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधील नियम 47 नुसार नमुना 20 मधील अर्जासोबत, माजी सैनिकी वाहनाच्या बाबतीत, संबंधित प्राधिकाऱ्याने नमुना 21 मध्ये दिलेले मूळ विक्री प्रमाणपत्र जोडणे आवश्यक असते. हे प्रमाणपत्र हरवलेली आणि तीन-चार हात बदललेली गाडी कितीही स्वस्त मिळाली, तरी ती रस्त्यावर आणणे कठीण ठरू शकते.

गाडीची नोंदणी आधीच झालेली असेल, तर नोंदणीपुस्तकातील चासी क्रमांक आणि इंजिन क्रमांक प्रत्यक्ष गाडीवरील क्रमांकांशी ताडून पाहावेत. जुन्या सैनिकी गाड्यांची इंजिने सेवाकाळातच बदललेली असू शकतात. गंजलेल्या चासीवरील क्रमांक वाचता येत नसेल, तर तो जागेवरच स्वच्छ करून छायाचित्रे घ्यावीत. त्या जागी पत्रा जोडणे किंवा वेल्डिंग करणे टाळावे, कारण क्रमांक नष्ट झाला की गाडीची ओळखच पुसली जाते.

खासगी वाहनाची नोंदणी 15 वर्षांसाठी वैध असते. नंतर तपासणी होऊन ती पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते. मालवाहू म्हणून नोंदलेल्या पिकअपला योग्यता प्रमाणपत्र लागते आणि आठ वर्षांनंतर ते दरवर्षी घ्यावे लागते. 15 वर्षांवरील मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क 1 एप्रिल 2022 पासून 600 रुपयांवरून 5 हजार रुपये झाले. 20 वर्षांहून जुन्या हलक्या मोटारींसाठी ते 2025 मध्ये 10 हजार रुपये करण्यात आले. दुरुस्तीचे अंदाजपत्रक मांडताना या रकमा आणि विम्याचा हप्ता सुरुवातीलाच धरलेला बरा.

गाडी दुरुस्तीपलीकडे गेली असेल, तर नोंदणीकृत भंगार केंद्राचा मार्ग खुला आहे. तेथे मिळणाऱ्या ठेव प्रमाणपत्राच्या आधारे नवीन वाहनाच्या करात, राज्याच्या धोरणानुसार, खासगी वाहनाला 25 टक्क्यांपर्यंत आणि व्यावसायिक वाहनाला 15 टक्क्यांपर्यंत सवलत मिळू शकते. चासीच मुख्य जोडांवर सडली असेल, तर भावनेपेक्षा या पर्यायाचा विचार शहाणपणाचा ठरतो.

दुरुस्तीचा क्रम : थांबणे, वळणे, मग धावणे

वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या गाडीचे इंजिन सुरू करून पाहण्याचा मोह आवरत नाही. तरीही कामाची सुरुवात ब्रेकपासून व्हायला हवी. या पिढीच्या गाड्यांना चारही चाकांवर ड्रम ब्रेक असत आणि त्या काळच्या अनेक वाहनांत ब्रेकच्या तेलाचा मार्ग एकेरी असे. अशा रचनेत एका चाकाचा रबरी पाइप फुटला, तरी चारही ब्रेक एकाच वेळी जातात. म्हणून रबरी पाइप, चाकांतील सिलिंडरांचे रबर आणि मुख्य सिलिंडरचा संच दिसायला ठीक असला, तरी बदलणे श्रेयस्कर. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषून घेते. अनेक वर्षे पडून राहिलेल्या तेलात पाणी मिसळलेले असते, त्यामुळे नळ्या आतून गंजतात आणि लांब उतारावर तेल उकळून ब्रेक लागत नाहीत. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असल्याने ड्रममधील धूळ हवेच्या झोताने उडवू नये. ती ओल्या फडक्याने पुसावी.

त्यानंतर सुकाणू यंत्रणा पाहावी. पुढील चाक जॅकवर उचलून वर आणि खाली धरून हलवले असता खेळ जाणवला, तर किंगपिन, बुश किंवा बेअरिंग झिजले आहे. लीफ स्प्रिंगच्या पाट्यांपैकी एखादा तुटला आहे का, त्यांना धरून ठेवणारे यू-बोल्ट घट्ट आहेत का, हे याच वेळी तपासले जाते. टायरची नक्षी शाबूत दिसली, तरी बाजूवरील चार अंकी सांकेतिक क्रमांक वाचावा. त्यातील पहिले दोन अंक उत्पादनाचा आठवडा आणि पुढील दोन वर्ष दर्शवतात. रबर वयाने कडक होते. दहा-पंधरा वर्षांचा टायर न वापरलेला असला, तरी भरवशाचा नसतो.

तिसरी पायरी विजेच्या तारांची. उंदरांनी कुरतडलेल्या किंवा कापडी आवरण गळून पडलेल्या तारांमुळे आग लागण्याचा धोका असतो. तुकड्या-तुकड्यांनी जोड देण्यापेक्षा संपूर्ण वायरिंग नव्याने करून प्रत्येक मार्गाला स्वतंत्र फ्यूज देणे दीर्घकाळ स्वस्त पडते. गाडीची यंत्रणा 12 व्होल्टची आहे की 24 व्होल्टची, हे पाहूनच बॅटरी आणि दिवे घ्यावेत.

इंजिन खोलण्यापूर्वी

इंजिन थेट खोलण्याऐवजी आधी त्याची परीक्षा घ्यावी. स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमधील दाब मोजला, की सहाही सिलिंडरांची स्थिती कळते. एखाद्यात दाब बराच कमी आढळला, तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजतात. दाब वाढला तर पिस्टनच्या रिंग किंवा सिलिंडर झिजले असण्याची शक्यता अधिक. वाढला नाही तर दोष व्हॉल्व्हमध्ये किंवा हेडच्या गॅस्केटमध्ये शोधावा. केवळ हेडचे काम आणि संपूर्ण इंजिनाचे काम यांच्या खर्चात मोठे अंतर असते. अर्ध्या तासाच्या या चाचणीने ते वाचू शकते.

या इंजिनांची रचना शिसेयुक्त पेट्रोलच्या काळातील आहे. शिशाचा थर व्हॉल्व्ह आणि त्याच्या बैठकीमध्ये गादीसारखे काम करीत असे. देशभरात 1 फेब्रुवारी 2000 पासून शिसेमुक्त पेट्रोलच विकले जाऊ लागले. त्यामुळे जुन्या मऊ बैठका वेगाने झिजू शकतात. हेड उतरवलेच असेल, तर त्यात कठीण धातूच्या बैठका बसवून घेणे ही खरी उपयुक्त सुधारणा होय.

दुसरा बदल 20 टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोलचा. फेब्रुवारी 2023 मध्ये विक्रीस आलेले हे मिश्रण आता देशभर रुळले आहे. इथेनॉल जुन्या प्रकारचे रबर फुगवते वा ठिसूळ करते, पाणी धरून ठेवते आणि टाकीच्या तळाशी साचलेला गाळ सुटा करते. म्हणून टाकी आतून स्वच्छ करणे, इथेनॉल सहन करणारे पाइप आणि पंपाचा पडदा बसवणे, तसेच कार्ब्युरेटरच्या आधी फिल्टर लावणे गरजेचे आहे. गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल, तर टाकीतील पेट्रोल जुने होऊ देऊ नये.

रेडिएटर, पाण्याचे पाइप आणि थर्मोस्टॅट यांचे काम इंजिनासोबतच उरकावे. मध्य भारतातील मे महिन्यात चढणीवर इंजिन तापले, तर नव्याने केलेले हेडही वाकू शकते.

सुधारणा कोणत्या, बदल कोणते

मूळ रचनेला धक्का न लावता करता येण्याजोग्या सुधारणा पुष्कळ आहेत. डायनॅमोऐवजी अल्टरनेटर, पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन, सीटबेल्ट आणि मागील धोक्याचे दिवे यांमुळे गाडी अधिक सुरक्षित व भरवशाची होते. काढलेले मूळ भाग जपून ठेवले, तर पुढे गाडी मूळ स्वरूपात आणता येते.

इंजिनाचा प्रश्न वेगळा. पेट्रोलचा खर्च परवडत नाही म्हणून अशा गाड्यांत दुसऱ्या कंपनीचे डिझेल इंजिन बसवण्याची प्रथा जुनी आहे. परंतु मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार नोंदणीपुस्तकातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरतील असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मधील निकालात हीच भूमिका स्पष्ट केली. कायद्यातील 2019 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182-अ नुसार अनधिकृत फेरफारासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक फेरफारामागे 5 हजार रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. इंजिन बदलणे अपरिहार्य असेल, तर गॅरेजला आगाऊ रक्कम देण्यापूर्वी परिवहन कार्यालयाची परवानगी घ्यावी. नोंदणीपुस्तकाशी न जुळणारी गाडी अपघातात सापडल्यास विम्याच्या दाव्यातही अडचण येऊ शकते.

पुरातन वाहन म्हणून नोंदणी करण्याची सोय 2021 च्या नियमांनी उपलब्ध झाली आहे. पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षे पूर्ण झालेल्या आणि मूळ स्वरूप टिकवलेल्या वाहनाला 20 हजार रुपये शुल्क भरून दहा वर्षांसाठी ही नोंदणी मिळते. मात्र असे वाहन नियमित किंवा व्यावसायिक कामासाठी वापरता येत नाही. लष्करातून आलेल्या गाडीची नागरी नोंदणी निर्मितीनंतर बऱ्याच वर्षांनी झालेली असते, त्यामुळे 50 वर्षांची मोजणी कोणत्या तारखेपासून धरली जाईल, हे परिवहन कार्यालयाकडून आधी लेखी समजून घेणे योग्य. शेतमाल वाहण्यासाठी गाडी हवी असलेल्याला हा मार्ग उपयोगाचा नाही.

खर्चाची मांडणी

खर्चाचे तीन भाग करणे सोयीचे ठरते. पहिल्या भागात गाडी कायदेशीर आणि सुरक्षित करणारी कामे : नोंदणी, विमा, ब्रेक, सुकाणू, टायर, वायरिंग. दुसऱ्यात ती भरवशाची करणारी कामे : इंधनमार्ग, रेडिएटर, इंजिन, गिअरबॉक्स. तिसऱ्यात देखणेपणा : पत्र्याचे काम, रंग, आसने, हौद्याची फळी. पहिला भाग पूर्ण झाल्याशिवाय तिसऱ्याला हात लावू नये. खोलल्यावर नवे दोष निघतातच, हे गृहीत धरून एकूण अंदाजाच्या किमान चौथ्या हिश्शाइतकी रक्कम राखून ठेवावी. प्रत्येक टप्प्याची छायाचित्रे आणि बिले यांची फाइल ठेवल्यास पुढील तपासणीत, विम्यात आणि विक्रीतही तिचा उपयोग होतो.

जबलपूरच्या या गाड्या साध्या हत्यारांनी, उघड्या मैदानात दुरुस्त करता याव्यात अशाच घडवलेल्या होत्या. त्यांचे आयुष्य वाढवण्यासाठी महागडी यंत्रसामग्री लागत नाही. लागतो तो योग्य क्रम आणि संयम. ब्रेक व कागद पक्के असतील, तर रंग पुढच्या वर्षी देता येतो. आधी रंग देऊन ब्रेक पुढच्या वर्षावर टाकणे मात्र चालकाला आणि रस्त्यावरील इतरांनाही परवडणारे नाही.