नैसर्गिक निवड आणि जनुकीय अल्गोरिदम : योग्यता-फलनाचे स्थान

संगणकशास्त्राने जीवशास्त्राकडून घेतलेल्या कल्पनांत उत्क्रांतीची कल्पना विशेष फलदायी ठरली आहे. १९६० च्या दशकात बर्लिन येथे इंगो रेखेनबर्ग व हान्स-पाउल श्वेफेल यांनी अभियांत्रिकी रचना सुधारण्यासाठी, तर मिशिगन विद्यापीठात जॉन हॉलंड यांनी अनुकूलनाच्या अभ्यासासाठी तिचा अवलंब केला. हॉलंड यांचा यासंबंधीचा ग्रंथ १९७५ मध्ये प्रसिद्ध झाला.

जनुकीय अल्गोरिदमची कार्यपद्धती साधी आहे. संभाव्य उत्तरे शून्य व एक यांच्या मालांनी दर्शविली जातात. प्रत्येक मालेस गुण देऊन सरस मालांचा संकर केला जातो, क्वचित एखादा अंक यादृच्छिकपणे बदलला जातो आणि नवी पिढी सिद्ध होते.

जीवसृष्टीशी असलेले साम्य मात्र येथवरच आहे. निसर्गातील निवडीस पूर्वनियोजित उद्दिष्ट नसते. संगणकात गुण कशास द्यावयाचे हे मनुष्य ठरवितो. हा निकष म्हणजेच योग्यता-फलन. त्यात जे लिहिले नाही, त्याची अल्गोरिदम फिकीर करीत नाही.

ससेक्स विद्यापीठातील एड्रियन थॉम्प्सन यांचा १९९६ मधील प्रयोग या दृष्टीने उद्बोधक आहे. १ व १० किलोहर्ट्झ वारंवारतेचे ध्वनिसंकेत वेगळे ओळखणारे मंडल त्यांनी पुनर्रचनाक्षम चिपच्या केवळ १०० घटकांत, कालमापक स्पंदांविना, उत्क्रांत करविले. प्रत्येक पिढीत ५० मंडले होती. काही हजार पिढ्यांनंतर मंडल अचूक चालू लागले. परंतु त्यातील काही घटक उर्वरित मंडलास जोडलेलेच नसूनही ते निष्क्रिय करताच कार्य बिघडे! तेच मंडल चिपच्या अन्य भागात नेले असता त्याची कार्यक्षमता घटली. तापमानातील बदलही त्यास फारसा मानवत नसे. याला अल्गोरिदमचा दोष म्हणणे अन्यायाचे होईल. त्या एका तुकड्याचे भौतिक गुणधर्म त्याने पुरेपूर वापरले. इतरत्र चालण्यास गुण ठेवलेच नव्हते.

नासाच्या एसटी-५ उपग्रहांच्या अँटेनाबाबत उलट अनुभव आला. नियोजित कक्षा बदलल्यामुळे अपेक्षा बदलल्या, तेव्हा योग्यता-फलनात फेरफार करून नवा अँटेना अल्पावधीत उत्क्रांत करण्यात आला व २००६ मध्ये तो अवकाशात गेला. थॉम्प्सन यांनीही पुढील प्रयोगांत मंडलांची परीक्षा एकाच वेळी अनेक चिपांवर व भिन्न तापमानांत घेण्यास आरंभ केला.